पाळण्याचा पट्टा कोण ओढून बघतं?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जाऊन आलो, हे फोटोंवरून तुम्हाला कळलं आहेच. लाईक दिलेत, "मज्जा आहे बुवा" म्हणालात, दोघा-तिघांनी इनबॉक्समध्ये खर्च किती आला तेही विचारलं. खर्चाचं पुढं सांगते. पण त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. ती फक्त आमच्या घरची नाही, आपल्या सगळ्या गावांची आहे, म्हणून जरा लांबलचक लिहितेय. सवडीनं वाचा.

माझं सासर सातारा जिल्ह्यात, माहेर सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात. भाऊबीज झाली की चार दिवस दोन्हीकडची पोरं एकत्र असतात. यंदा त्यांनी धोशाच लावला होता, इमॅजिका, इमॅजिका. वर्गातलं कुणीतरी जाऊन आलं होतं, आणि मोबाईलवर रोलर कोस्टरचे व्हिडिओ बघून बघून पोरांना त्याची वळणं पाठ झाली होती. धाकट्या भावाला म्हटलं, चला सगळेच जाऊ. तो म्हणाला, "ताई, पोरांना ने की तू. आमचा ऊस अजून फडात उभा हाय. ऊस जाऊ दे, बिल येऊ दे, मग बघू."

"अरे, पैशाचं मी बघते," म्हटलं. तर नुसता हसला. ताटात ओवाळणी टाकायची आणि दुसऱ्या दिवशी बहिणीच्या पैशानं पाळण्यात बसायचं, हे आमच्याकडच्या भावाला जमणारं नाही. आणि त्याचं चूकही नव्हतं. दिवाळीत शाळेला सुट्टी असते तेव्हा ऊस रानात असतो. ऊस गेल्यावर १४ दिवसांत पैसे द्यायचे असा कायदा आहे, पण आधी तोड तर यायला हवी! म्हणजे पोरांची सुट्टी आणि ऊसवाल्याच्या हातातला पैसा यांची गाठ पडतच नाही. शेवटी भाऊ-भावजय घरी राहिले आणि त्यांची दोन पोरं आमच्याबरोबर निघाली. भाची सहावीत, भाचा चौथीत. माझी लेक सातवीत. शिवाय नवरा, मी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. असे सहा जण.

साताऱ्याकडून पहाटे चारला गाडी काढली. आनेवाडीचा टोल, खंबाटकीचा बोगदा, खेड-शिवापूरचा टोल, पुणं, मग एक्सप्रेसवे. पुण्यापर्यंत पोरं झोपली, त्यानंतर एकानंही डोळा मिटला नाही. तिकिटं आधीच ऑनलाईन काढली होती. गर्दीच्या दिवसांत दर चढे असतात, ते मान्य करूनच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे पार्क २०१३ साली सुरू झालं, तेव्हा नाव अ‍ॅडलॅब्ज इमॅजिका. सिनेमाच्या धंद्यातले मनमोहन शेट्टी यांनी ते उभं केलं. २०२२ मध्ये ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आलं. रायगड जिल्ह्यात, खोपोली-पाली रस्त्यावर. त्याआधी आपल्या पिढीला माहीत होतं ते मुंबईच्या गोराईचं एस्सेल वर्ल्ड, १९८९ चं. टीव्हीवर त्याची जाहिरात लागायची आणि आपण ती बघूनच समाधान मानायचो. आमच्या शाळेची सहल पन्हाळा-जोतिबा आणि फार तर गणपतीपुळे, याच्या पुढं कधी गेली नाही.

तर पार्क छान आहे. खोटं कशाला बोलू? नायट्रो नावाचा रोलर कोस्टर लांबून बघूनच माझ्या पोटात गोळा आला. मिस्टर इंडिया सिनेमावरची एक राइड आहे, त्यात खुर्ची हलते आणि आपण खरंच गाडीतून चाललोय असं वाटतं. राजासॉरस नावाच्या राइडमध्ये पाण्यातून होडी जाते आणि आजूबाजूला डायनोसॉर. हा राजासॉरस परदेशी पाहुणा नाही बरं का, त्याची हाडं नर्मदेच्या खोऱ्यात, गुजरातमध्ये सापडली आहेत. हे सांगितल्यावर भाच्यानं लगेच विचारलं, "मग कृष्णेत का न्हाई सापडली?" म्हटलं, आपल्याखाली काळा कातळ आहे, लाव्हारसाचा. त्याला ते काही पटलं नाही.

सासूबाई गुडघ्यामुळं मोठ्या पाळण्यात बसणार नव्हत्याच. पण 'आय फॉर इंडिया' म्हणून एक प्रकार आहे. खुर्चीत बसायचं, पाय अधांतरी, आणि समोरच्या प्रचंड पडद्यावर विमानातून दिसावा तसा भारत. त्या त्यात बसल्या. बाहेर आल्या तेव्हा काही बोलल्या नाहीत. मग सावलीतल्या बाकावर बसून म्हणाल्या, "जत्रेत एवढ्या वर्षांत मला टेकायला कधी दगडसुद्धा मिळाला नाही गं."

मी हे वाक्य तेव्हा सोडून दिलं. संध्याकाळपर्यंत त्याचा अर्थ लागत गेला.

दुपारी भाचा आणि मी एका मध्यम आकाराच्या पाळण्याच्या रांगेत होतो. तिथं उंचीची पट्टी लावलेली असते. तेवढी उंची नसेल तर प्रवेश नाही. भाचा टाचा उंचावून उभा. तिथल्या मुलीनं हसून त्याच्या खांद्यावर हात ठेवला, टाचा खाली टेकवल्या, परत मापलं. बसला एकदाचा मापात. आत बसल्यावर आडवा दांडा खाली आला, पट्टा लावला. मग एक मुलगा आला आणि प्रत्येकाचा पट्टा हातानं ओढून बघत गेला. एकही जण सोडला नाही. त्यानं अंगठा दाखवल्यावर पलीकडच्यानं अंगठा दाखवला, तेव्हा कुठं पाळणा हलला.

उतरल्यावर मला वाटलं भाचा "परत बसूया" म्हणेल. त्यानं विचारलं, "आत्या, ह्यो रोज प्रत्येकाचा पट्टा वढून बघतो?"

"हो, रोज. प्रत्येक फेरीला. आणि मोठ्या पार्कात सकाळी गेट उघडायच्या आधी पाळणा रिकामा फिरवून बघतात."

"आमच्या जत्रंत न्हाई बघत," तो म्हणाला. "आमच्या जत्रंत पाळण्याची दांडी तारंनं बांधलेली हुती. मी बघितली."

हे तो तक्रार म्हणून सांगत नव्हता. त्याला एवढंच कळलं होतं की दोन प्रकारचे पाळणे असतात, एक बघितलेला आणि एक न बघितलेला. आणि त्याच्या वाट्याला वर्षातून एकदा येतो तो दुसरा.

मंडळी, आपण सगळे जत्रेतच वाढलो. पुसेगावची सेवागिरींची यात्रा, म्हसवडचा सिद्धनाथ, पालीचा खंडोबा, खरसुंडी, जतची यल्लम्मा. आकाशपाळणा, टोराटोरा, ड्रॅगन ट्रेन, मौत का कुआँ. इमॅजिका आत्ता आलं, आपलं थीम पार्क हेच होतं. आणि ते अजून आहे. आपल्या दोन जिल्ह्यांत वर्षाकाठी जेवढी पोरं जत्रेच्या पाळण्यात बसतात, त्यातली किती खोपोलीपर्यंत पोचत असतील? तुमच्या गल्लीतली मोजून बघा.

जत्रेतल्या पाळणेवाल्यांना मी दोष देत नाही. तो बिचारा गावोगाव ट्रक घेऊन हिंडतो, रात्रभर जागून पाळणा उभा करतो, चार दिवसांत सोडवतो आणि पुढच्या गावाला जातो. सारखी जोडाजोड, सारखी सोडासोड. म्हणूनच त्याच्या पाळण्याला तपासणीची जास्त गरज आहे. भारतीय मानक ब्यूरोनं पाळण्यांसाठी वेगळं मानक केलेलं आहे, आयएस १५४७५. कागदावर सगळं आहे. पण आपल्या गावच्या जत्रेत पाळणा सुरू व्हायच्या आधी तो कुणी, कधी, काय बघितला, याची पाटी तुम्ही कधी वाचलीय? मी नाही.

आणि हे काही उगाच भीती घालणं नाही. जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावावरचा लोलकासारखा झुलणारा पाळणा फिरता फिरता तुटला. दोघं गेले, पंचवीसहून जास्त जखमी. सप्टेंबर २०२२ मध्ये मोहालीच्या मेळ्यात उंच टॉवरवरचा पाळणा माणसांसकट खाली आदळला. मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेमझोनला आग लागून २७ जणांचा जीव गेला, त्यात लहान मुलं होती. प्रत्येक वेळी बातमी आली, चौकशी लागली, चार दिवस सगळीकडची तपासणी झाली. पाचव्या दिवशी आपण विसरलो.

आपल्याला तर लांबचं उदाहरण लागतच नाही. २५ जानेवारी २००५. वाई तालुका, मांढरदेव, काळूबाईची यात्रा. शाकंभरी पौर्णिमा. चिंचोळी वाट, नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, दोन्ही बाजूंनी दुकानं, मग आग. अडीचशेहून जास्त माणसं गेली. त्यात बायका-पोरं किती होती हे त्या भागातल्या लोकांना विचारा. त्यानंतर चौकशी आयोग बसला, यात्रेत बदल झाले. पण बदल व्हायला एवढी माणसं जावी लागली.

आता रांगेचं सांगते. कारण आपल्याकडे कुठलाही विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं, "आपल्या लोकांना शिस्तच नाही." आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर एक काका हे आठवड्यातून दोनदा लिहितात.

मी त्या दिवशी मुद्दाम बघत होते. पार्कात कोण होतं? सोलापूर, नगर, कोल्हापूर, कऱ्हाड. आपलीच माणसं. एमएच १०, एमएच ११, एमएच ५० च्या गाड्या पार्किंगमध्ये मी स्वतः बघितल्या. हीच माणसं एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. तीच माणसं तिथं तीन मिनिटांच्या पाळण्यासाठी पाऊण तास गपगुमान उभी. कुणी घुसत नव्हतं. मोकळा वेफर्सचा पुडा हातात धरून एक आजोबा कचराकुंडी शोधत होते.

मग एका दिवसात ही माणसं बदलली का? अजिबात नाही. तिथं रांगेला लोखंडी कठडा होता, डोक्यावर छप्पर होतं, पंखा होता. अजून किती वेळ लागेल हे कळत होतं. आपला नंबर येणार ही खात्री होती. कुंडी वीस पावलांवर होती. बायकांचं स्वच्छतागृह स्वच्छ होतं, आणि ते स्वच्छ राहावं म्हणून तिथं एक बाई सतत होती. (पहाटे चारला निघून महामार्गानं आलेल्या कुठल्याही बाईला विचारा, ही बारीक गोष्ट आहे का!) एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणारा माणूस बेशिस्त नसतो. त्याला खात्री नसते की जागा मिळेल. खात्री दिली की माणूस रांगेत उभा राहतो. शिस्त असते ती व्यवस्थेत, रक्तात नसते.

पण त्या व्यवस्थेला कुंपण आहे, आणि कुंपणाला तिकीट आहे. आता खर्चाचं. सहा जणांची तिकिटं, डिझेल, टोल, खाणंपिणं, सगळं धरून वीस हजारांच्या आसपास गेले. पुण्यात नणंदेकडे मुक्काम केला म्हणून राहण्याचा खर्च वाचला. पार्कवाल्यांची याबद्दल तक्रार नाही. त्यांचा धंदा आहे, त्यांनी तो नीट केलाय. एवढी यंत्रं, एवढी माणसं, एवढी वीज फुकट येत नाही. शिवाय तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहे. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा तर २८ टक्के होता, जानेवारी २०१८ पासून १८ केला. म्हणजे समजा दहा हजारांची तिकिटं काढली, तर त्यात दीड हजारावर कर सरकारजमा झाला. पोरांच्या खेळावर आपण कर भरतो. मग त्या करातून पोरांना खेळायला काय मिळतं, हे विचारायला काय हरकत आहे?

जगभरच्या अशा पार्कांत आणखी एक गोष्ट असते. जास्त पैसे भरले की वेगळी, छोटी रांग. त्यातही बेकायदा काही नाही. पण पोरांना ते दिसतं. पैशाप्रमाणं रांग, पैशाप्रमाणं थांबणं. आमच्या भाचीनं तर पार्कातून निघताना विचारलं, "आत्या, पप्पांचं तिकीट काढलं असतं तर ते आले असते ना?" काय उत्तर देणार? म्हटलं, पुढच्या वेळी.

पलूसहून पोरांना घेऊन साताऱ्याकडे येत होतो, तेव्हा रस्त्यानं ऊसतोडीच्या टोळ्या उतरत होत्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, कापडं, कोंबड्या आणि वर बसलेली पोरं. आमच्या गाडीतली पोरं आणि त्या ट्रॉलीतली पोरं एकाच वयाची. त्यांची सुट्टी फडात आणि कोपीवर जाणार. भावाचा ऊस ज्या दिवशी तुटेल त्या दिवशी तो तोडणाऱ्यांच्या पोरांनी पाळणा बघितला तर गावच्या जत्रेतलाच. म्हणून म्हणते, खोपोलीचा पाळणा बघितलेला असतो हे चांगलंच आहे. पण गावचा पाळणा बघितला जातो का, यावर आपलं गाव कसं आहे ते ठरतं.

इथं एक गोष्ट सांगते. आज जगभर जी थीम पार्कं दिसतात त्यांचा मोठा नमुना म्हणजे अमेरिकेतलं डिस्नेलँड, १७ जुलै १९५५ ला उघडलेलं. ते सुचलं कुठं? वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात फिरत्या घोड्यांवर बसवायला न्यायचा. मुली गोल गोल फिरायच्या आणि हा बाकावर बसून शेंगदाणे खायचा. तिथं त्याला वाटलं, आईबाप आणि पोरं दोघांनाही एकत्र मजा येईल अशी जागा असायला हवी. ग्रिफिथ पार्क हे शहराचं सार्वजनिक उद्यान आहे. म्हणजे एवढा मोठा तिकिटाचा धंदा ज्या बाकावर सुचला, तो बाक नगरपालिकेच्या बागेतला होता!

आता आपल्याकडचा बाक बघू. मी राहते त्या गावाचं नाव मुद्दाम घालत नाही. नाव घातलं की पोस्ट एका पक्षाची होते आणि कमेंटमध्ये भलतीच लढाई सुरू होते. आमच्या घरापासून पाच मिनिटांवर बाग आहे. घसरगुंडीचा पत्रा मधोमध फाटलाय. झोक्याच्या साखळ्या आहेत, पाट नाहीत. गेटला कुलूप, आणि किल्ली कुणाकडे हे कुणालाच माहीत नाही. उद्घाटनाची कोनशिला मात्र गुळगुळीत, सगळी नावं स्पष्ट वाचता येतात. तुमच्याकडची वेगळी असेल तर आनंदच आहे.

ही काही चैनीची मागणी नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीनं नगरपालिका-महापालिकांकडे सोपवता येतील अशा १८ विषयांची यादी राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत आली. त्यातला १२ वा विषय बागा, उद्यानं, खेळाची मैदानं हा आहे. रस्ते, पाणी यांच्याच यादीत.

आणि जागांचं म्हणाल, तर त्याही कागदावर आहेत. शहराच्या विकास आराखड्यात बागेसाठी, मैदानासाठी आरक्षण टाकलेलं असतं. पण कायद्यात एक कलम आहे, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, कलम १२७. आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत ती जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द झालं असं धरतात. मालकाच्या बाजूनं बघितलं तर हे बरोबरच आहे, कुणाची जागा किती वर्षं अडकवून ठेवणार? पण आपल्या बाजूनं बघा. दहा वर्षं गप्प बसलं की पोरांचं मैदान आपोआप प्लॉट होतं. कुणी हिसकावून घेत नाही, कुणी मोर्चा काढत नाही, नुसती मुदत संपते.

नव्या प्लॉटिंगचंही तसंच. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे साधारण एकरभर म्हणजे ४००० चौरस मीटर किंवा जास्त जागेचा लेआउट असेल, तर १० टक्के ओपन स्पेस सोडावी लागते. तुम्ही प्लॉट घेतलात तेव्हा नकाशात हिरवा चौकोन बघितला होता, आठवतंय? आज त्या चौकोनात काय आहे ते जाऊन बघा. वाळूचा ढीग, कुणाची तरी गाडी, नाहीतर गाजरगवत.

"आपल्याकडे काही जमत नाही" असं म्हणू नका. जमलेलं आहे. देवराष्ट्राजवळचं सागरेश्वर बघा. उजाड डोंगर होता. धों. म. मोहित्यांनी आयुष्य घातलं, लोकांनी झाडं लावली, आणि १९८५ मध्ये ते अभयारण्य झालं. माणसांनी उभं केलेलं जंगल, आज तिथं हरणं हिंडतात. आमच्या माहेरापासून अर्ध्या-पाऊण तासावर. औंधच्या पंतप्रतिनिधींनी संस्थान छोटं असूनही १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उघडलं, आणि आजही शाळेची पोरं तिथली चित्रं बघतात. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा झालं. तिथं गर्दी हाताबाहेर जायला लागली तेव्हा ऑनलाईन बुकिंग, दिवसाला किती माणसं याची मर्यादा आणि भोवतीच्या गावांच्या समितीची माणसं उभी करून व्यवस्था लावली. अडचणी आहेतच, पण लोक पाळतात. म्हणजे आपल्या मातीत व्यवस्था उगवत नाही असं नाही. फक्त डोंगरावर, फुलांवर जेवढं लक्ष दिलं, तेवढं गल्लीतल्या झोक्यावर दिलं नाही.

तर काय करायचं? मी चार गोष्टी लिहिते, तुम्ही भर घाला.

१. आपल्या शहराच्या विकास आराखड्यात बाग आणि मैदानासाठी किती जागा आरक्षित आहेत, किती ताब्यात आहेत आणि कुठल्या जागेच्या १० वर्षांची मुदत कधी संपतेय, याची यादी मागा. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, उत्तर ३० दिवसांत यायला हवं. मी अर्ज टाकलाय. उत्तर आलं की इथंच टाकते.

२. बागेसाठी खेळणी मागू नका, माणूस मागा. खेळणी उद्घाटनाला येतात आणि वर्षभरात मोडतात. रोज सकाळी साखळी, पाट, नटबोल्ट बघणारा आणि कुलूप उघडणारा एक माणूस, त्याच्या पगाराची तरतूद अंदाजपत्रकात आहे का, हे नगरसेवकाला विचारा. स्वागत कमानीला निधी मिळतो, मग याला का मिळू नये?

३. जत्रेसाठी. २६ जानेवारीला ग्रामसभा असते आणि चैत्राच्या जत्रा त्यानंतरच येतात, म्हणजे वेळ आहे. ठराव एवढाच करायचा: त्या जत्रेसाठी पाळणा उभा केल्यावर झालेल्या तपासणीचा दाखला तिकीट खिडकीवर लावलेला असेल तरच पाळणा फिरेल. आणि पाळणा बंद करा म्हणायचा अधिकार कुणाकडे, त्या माणसाचं नाव आणि नंबर तिथंच लिहिलेला असेल. यात पाळणेवाल्याचंही भलं आहे. दाखला असलेल्या पाळण्याकडेच लोक जातील.

४. सावली, बाक, पिण्याचं पाणी आणि बायकांचं स्वच्छतागृह. जत्रा असो की बाग. सासूबाईंचं ते दगडाचं वाक्य मी या कलमात घालते.

याला कोट्यवधी लागत नाहीत. नायट्रो मागत नाही कुणी. झोक्याला पाट आणि पट्टा ओढून बघणारा एक हात, एवढंच मागतोय.

कमेंटमध्ये तीन गोष्टी लिहा: तुमच्या गल्लीजवळची बाग किंवा मैदान, ते उघडं आहे की बंद, आणि तिथला झोका चालतो का. राजकारण नको, पक्ष नको, नेत्यांची नावं नकोत. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांची यादी करू आणि ती घेऊनच अंदाजपत्रकाच्या आधी संबंधितांना भेटू. कोण कोण येणार तेही सांगा.